पाया झाकण्याआधी

होटगी रस्त्याला एका इमारतीचे खांब उभे राहिलेत. परवा सकाळी तिथून जाताना ओल्या बारदानाचा वास आला आणि मार्च लागल्याचं मला कळलं. तारीख मी नंतर पाहिली. सोलापुरात ऊन मार्चची वाट बघत नाही, ते फेब्रुवारीतच येऊन बसतं. पण नव्या काँक्रीटला गुंडाळलेल्या बारदानावर कुणीतरी पाइपनं पाणी मारतं, त्यातलं निम्मं खाली पोचायच्या आत उडून जातं, आणि ताग, चुना, गोठा यांचा मिळून एक वास रस्त्यावर येतो. तो मात्र मार्चचा. वर्षअखेरीला निधी संपवायचा म्हणून सगळीकडं एकदम कामं निघालेली असतात. शाळेची भिंत, गटार, समाजमंदिराचा ओटा. ज्या शहरात घरच्या नळाला रोज पाणी येत नाही तिथं भिंतींना दिवसातून तीनदा पाजावं लागतं. नाही पाजलं तर भिंत वरून धडधाकट दिसते आणि नखानं खरवडली की पीठ निघतं.

मला या वासाचं काही कौतुक नाही. तो आला की मी लिहिलेलं एक वाक्य मला आठवतं. ते छापलं गेलं, गावोगाव वाटलं गेलं, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तरी त्या वाक्यापायी दुधनीच्या मल्लिनाथअण्णांची सगळी ठेकेदारी बुडायची वेळ आली. ही दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. पॉलिटेक्निकला होते तेव्हा फीवाढीवर, वसतिगृहाच्या पाण्यावर, बसच्या पासावर आम्ही पत्रकं काढायचो. अर्धा कागद, दोन्ही बाजूंनी. बोटांना शाई आणि अंगठ्याला कागदानं कापल्याच्या बारीक रेघा. तिथं शिकलेलं अजून डोक्यातून जात नाही. मथळा रस्त्याच्या पलीकडून वाचता आला पाहिजे. एका पत्रकात एकच मागणी. आणि तळटीप घालायची नाही. तळटीप दिसली की माणूस वरचं सोडून तळाचंच वाचतो आणि घाबरतो. सिव्हिलचा डिप्लोमा हातात आला, नोकरी आली नाही, तेव्हा छोट्या ठेकेदारांच्या संघटनेनं मला कार्यालय सांभाळायला ठेवलं. साखर पेठेत, फ्लेक्स छापणाऱ्या दुकानाच्या डोक्यावर एक खोली. खाली दिवसभर कुणाकुणाचे वाढदिवस छापले जायचे आणि त्या रंगाचा वास जिन्यानं वर यायचा. पंखा होता. तो फिरायचा, एवढंच.

ठेकेदार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं पांढरी गाडी आणि काळा चष्मा येतो. येऊ दे. तसे आहेतच, त्यांची संघटना वेगळी आहे आणि तिला पत्रकं लागत नाहीत. आमच्या सभासदांच्या मोटरसायकलीला मागं घमेली बांधलेली असायची. कार्यालयात आले की आधी पायरीवर बूट आपटायचे, सिमेंट पडायचं, मग आत यायचे.

मल्लिनाथअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं ते कार्यालयात नाही. अक्कलकोटच्या पुढं एका जिल्हा परिषदेच्या शाळेला त्यांनी संरक्षक भिंत घेतली होती, आणि मला त्यांची एका निवेदनावर सही हवी होती. गेले तर काम बंद. चर खणलेली, तळाशी दगड-काँक्रीटचा थर घातलेला, आणि चरीच्या कडेला काळी छत्री उघडून पांढऱ्या टोपीतला एक माणूस बसलेला. मजूर लिंबाखाली झोपलेले. अण्णांचा तिथं बसायचा तो तिसरा दिवस होता. पाया मोजायला अभियंता साहेब यायचे होते आणि साहेब मार्चमुळं कुठल्या कुठं अडकले होते. तीन दिवसांची मजुरी उन्हात चालली होती.

मी नवीन होते, शहाणपणा भरपूर होता. म्हटलं, "अण्णा, बुजवा की. साहेब आले की सांगा, तीन फूट होता."

"सांगा म्हनं," अण्णा छत्री न हलवता म्हणाले. "झाकल्यावर काय सांगायचं, ताई? झाकल्यावर समदेच तीन फूट असत्यात."

आमच्या धंद्यातला हा सगळ्यात जुना नियम. जे मातीखाली जाणार ते झाकण्याआधी मोजायचं. दुपारच्या जेवणाला त्यांनी मला थांबवून घेतलं, आणि भाकरीबरोबर मोजमापाच्या वहीचं सगळं शास्त्र सांगितलं. या वहीला सगळे एमबी म्हणतात. साहेब मोजतात, वहीत लिहितात, ठेकेदार खाली सही करतो, त्यावर बिल निघतं. एमबीत खोडरबर चालत नाही, पांढरी शाई चालत नाही, पान फाडणं तर तुरुंगाचं काम. चुकलं तर चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशी. वर बरोबर आकडा. शेजारी सही आणि तारीख. "आणि तारीख कुटली?" अण्णांनी मला परीक्षेसारखं विचारलं. मी म्हटलं, चूक झाली त्या दिवसाची. "न्हाई. दुरुस्त केलं त्या दिवसाची. चूक झाली त्या दिवशी चूकच झाली हुती की."

आणि मोजमाप पटलं नाही तर? तर सही करायची, पण आधी लिहायचं, हरकत राखून मान्य. सही केली नाही तर बिलच निघत नाही, आणि नुसती सही केली तर उद्या तोंड बंद. म्हणून हरकत राखून. अण्णा कन्नड शाळेत शिकलेले. मराठी अक्षरं अजून जरा गोलच काढतात. तेवढे तीन शब्द मात्र त्यांचे टंकलेले असावेत इतके सरळ येतात.

आता मुद्द्याचं. अण्णांनी काही शाळांच्या भिंती बांधल्या तेव्हा त्या प्रकारच्या कामावर जेवढा कर होता तेवढा भरला. निविदेतला दर त्याच हिशेबानं धरला होता. भिंती झाल्या, शेवटची बिलं झाली, फायली दोरीनं बांधून कपाटात गेल्या. चौथीतली पोरं त्या भिंतीवरून उड्या मारता मारता सातवीत गेली. मग कायद्यात एक दुरुस्ती आली. दुरुस्ती येण्याला माझी हरकत नाही. सरकारला उद्यापासून जास्त कर हवा असेल तर त्यानं तसं सांगावं. आम्ही उद्याच्या निविदेत तसा दर भरू, नाहीतर निविदाच भरणार नाही. पण या दुरुस्तीच्या शेपटाला लिहिलं होतं की ती पहिल्यापासून तशीच होती असं मानण्यात येईल. मानण्यात येईल. ज्या दिवशी अण्णा छत्री घेऊन चरीच्या कडेला बसले होते, त्या दिवशी जो कायदा जगात नव्हता, तो होता असं मानायचं. आणि त्या न केलेल्या चुकीचा फरक भरायचा, वर व्याज. काम देणाऱ्या खात्याकडं मागायला गेलं तर खातं म्हणतं, शेवटच्या बिलावर तुमचीच सही आहे. बुजवलेला पाया उकरून नवीन टेपनं मोजायचा आणि खोली कमी आली म्हणून ठेकेदाराला धरायचं, असलं हे काम.

बरं, भांडायचं म्हटलं तर अपील करा. अपील करायचं तर वादातल्या रकमेचा ठरलेला हिस्सा आधी भरा. म्हणजे हे देणं मी लागत नाही, एवढं म्हणायलाच त्यातलं थोडं देऊन ठेवायचं. मोठ्या कंपनीला तो हिस्सा म्हणजे एका दुपारचं चहापाणी. अण्णांना तो हिस्सा म्हणजे काँक्रीटचा मिक्सर. त्यांच्याकडं विकण्यासारखं तेवढंच होतं. ते विकलं की पुढचं काम भाड्याच्या मिक्सरनं.

फेब्रुवारीत अण्णांना कराचा आदेश आला. आणखी काही जणांनाही आला. मार्चमध्ये कार्यालयात बैठक झाली तेव्हा खोलीत उभं राहायला जागा नव्हती. घामाचा, तंबाखूचा, सिमेंटचा वास आणि खिडकीबाहेर रसवंतीचे घुंगरू. आमचे अध्यक्ष, ज्यांना सगळे मालक म्हणतात, ते मधोमध खुर्चीवर. आणि कोपऱ्यात चिलका मॅडम. मॅडम करसल्लागार, वडील पूर्व भागात टॉवेलच्या मागावर विणायचे, आणि मॅडमच्या बोलण्यात अजून ती मागाची लय आहे, एकसारखी, न थांबणारी. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं की अपिलाला तीन महिने आहेत, अर्ज ऑनलाइन करायचा असतो आणि हिस्सा भरल्याशिवाय तो पुढंच सरकत नाही. कुणाला ते ऐकायचं नव्हतं. मला तर मुळीच नव्हतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, अपील हा हक्क आहे आणि हक्काला तिकीट नसतं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात, आणि अजून आवडतात, हे सांगून टाकलेलं बरं.

पत्रक मी त्याच दुपारी लिहिलं. मथळा होता: जे देणं लागत नाही त्यातला एक रुपयाही आधी भरू नका. चिलका मॅडमनी मसुदा वाचला, चष्मा वर केला.

"घोषणा चांगली आहे गं. खाली एक ओळ घाल. ज्यांना अपील करायचंय त्यांनी ठरलेला हिस्सा हरकत नोंदवून मुदतीत भरावा, लढाई पुढं चालू राहील. एवढीच."

मी घातली. छापखान्यात कागद नेला. तिथले चाचा बरीच वर्षं आमची पत्रकं लावतात; त्यांनी जुळणी करून पाहिली आणि मान हलवली. "ताई, इत्ता नै बैठता. उप्पर का छोटा करूं, क्या नीच्चे का निकालूं?"

मी म्हटलं, नीचे का निकालो.

जागा नव्हती हे खरं आहे, पण कारण तेवढंच नव्हतं. वर भरू नका आणि खाली भरा, हे मला लाचार वाटलं. तळटीप वाटली. मथळा एका मापानं लहान केला असता तर ती ओळ बसली असती. मी मथळा लहान केला नाही.

एप्रिल सगळा पत्रकं वाटण्यात गेला. आज तो महिना आठवला की तुकडेच आठवतात. कुर्डुवाडीच्या स्टेशनवर पिशवीचा बंद तुटून पत्रकं फलाटभर झाली होती आणि एक हमाल ती गोळा करता करता पूर्ण वाचून म्हणाला होता, "आमाला बी हेच करत्यात की." चिंचोळी एमआयडीसीत पत्र्याच्या शेडखाली उभं राहिलं की डोक्यात भट्टी पेटायची. एसटीच्या खिडकीची लोखंडी दांडी हाताला चटका द्यायची. जेवायला कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगा चटणी कागदात बांधलेली असायची. तेल कागदातून उतरून पत्रकांना लागायचं, आणि ती तेलकट पत्रकं मी आधी वाटून टाकायचे. मी खूश होते. आपण बरोबर आहोत असं वाटण्यातली खुशी फार उन्हातही वाळत नाही. एक पत्रक दुधनीला अण्णांच्या हातात मीच दिलं. त्यांनी ते सगळं वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. म्हणाले, "मिक्सरला गिऱ्हाइक लावलं हुतं. आता इकत न्हाई."

मी म्हटलं, "विकू नकाच."

पुढचं अण्णांनी त्यांच्या धंद्याच्या सवयीनं केलं. ठेकेदाराचा जन्म जातो तो अर्ज देण्यात आणि पोच घेण्यात. पाणी मिळालं नाही, अर्ज. साहेब आले नाहीत, अर्ज. आणि दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा गोल शिक्का. तो शिक्का मिळाला की मुदतीत कळवलं असं होतं, पुढं कुणी दंड लावू शकत नाही. तसं अण्णांनी पानभर पत्र लिहिलं, मी या आदेशाविरुद्ध अपील करीत आहे, कारणे खालीलप्रमाणे. कारणं सगळी बरोबर होती. दोन्ही प्रतींना आमच्या पत्रकाची झेरॉक्स टाचली. सोलापूरला येऊन कर कार्यालयाच्या खिडकीवर दिलं, शिक्का घेतला, आणि ती प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी नेऊन ठेवली. अपील झालं.

मेमध्ये मुदत संपली. आणखी काही दिवसांनी एका शनिवारी अण्णा मजुरांच्या पगाराचे पैसे काढायला बँकेत गेले तर खातं गोठवलेलं. तिथून ते तडक आमच्या कार्यालयात आले. बूट आपटायचे विसरले; जिन्यापासून टेबलापर्यंत पांढरे ठसे. चिलका मॅडम योगायोगानं होत्या. अण्णांनी पिशवीतून पत्र काढून त्यांच्यापुढं ठेवलं आणि शिक्क्यावर बोट ठेवलं.

"ही पोच हाय की."

मॅडमनी पत्र वाचलं. मग टाचलेलं पत्रक उलटलं, खाली पाहिलं, परत उलटलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "अण्णा, हे अपील होत नाही," त्या म्हणाल्या. "ऑनलाइन करायचं असतं, हिस्सा भरून. हे नुसतं पत्र झालं. तुम्ही अपील केलंच नाही असा अर्थ होतो, म्हणून सगळी रक्कम आता वसुलीला लागलीय."

"पर हितं लिवलंय की, एक रुपया बी भरू नका."

खालच्या यंत्राचा आवाज चालू होता.

एक वाट होती. मुदत उलटली तरी योग्य कारण दाखवलं तर आणखी एक महिना मिळू शकतो, त्यातले काही दिवस गेलेच होते. मॅडम म्हणाल्या, कारण खरं आहे तेच लिहू. संघटनेच्या पत्रकावर विसंबून पत्र दिलं, तेच अपील समजले. पत्रकाची मूळ प्रत लावू, आणि पत्रक काढणाऱ्याचं लेखी निवेदन. तेवढा एक महिना गेला की अण्णांचं खातं, नोंदणी, पुढची कामं, सगळं संपणार होतं. मजूर दुसरीकडं जायला लागलेच होते.

अण्णा गेल्यावर मालकांनी दार लोटून घेतलं. मालक वाईट माणूस नाही. संघटना उभी करताना त्यांनी स्वतःच्या दोन गाड्या विकल्यात.

"खालच्याकडून पंचवीस प्रती नव्या काढून घे," ते म्हणाले. "ती मॅडमची ओळ घाल. तारीख तीच ठेव. फाइलला जुनं आहे ते काढ आणि नवीन लाव."

"मालक, ती ओळ पत्रकात नव्हती."

"मसुद्यात होती का नव्हती?"

"मसुद्यात होती."

"मग झालं की. पहिल्यापासून होतीच असं समज. उद्या दहा जण उठून म्हणतील संघटनेमुळं बुडालो. अण्णाचं बघू आपण काहीतरी, वर्गणी काढू. कागदावर कशाला?"

मी इथं बाणेदार काहीतरी बोलले असं लिहायला मला आवडलं असतं. मी म्हटलं, बघते. आणि जिना उतरून फ्लेक्सच्या दुकानाच्या दारात जाऊन उभीही राहिले. पंचवीस प्रतींचं काम दहा मिनिटांचं. माझ्या हातात मसुदा होता, त्यावर ती ओळ माझ्याच अक्षरात होती. यंत्रातून कुणाचातरी चेहरा हळूहळू बाहेर येत होता, आधी केस, मग कपाळ. मी तो हनुवटीपर्यंत येऊ दिला आणि परत वर गेले. फाइलमधलं पत्रक काढून पिशवीत टाकलं, कुणी बदलू नये म्हणून. त्या कुणीमध्ये मी पण होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दुधनीला गेले. अण्णांच्या दारात मिक्सर उभा होता, ताडपत्री घातलेला, ताडपत्रीवर दोन कोंबड्या. शांताक्का, अण्णांची बायको, दारातच भेटल्या.

"ऊटा आयता?" जेवलीस का, असं दुधनीत आधी विचारतात, मग कामाचं.

"हो, जेवून आले."

"खोटं बोलू नको. गाडी किती वाजता सुटती मला म्हाईत हाय. बस."

ताट आलं. मी पत्रकाची मूळ प्रत मागितली. फाइलमधली माझ्याकडं होती, पण अर्जाला अण्णांच्या हातात दिलेली तीच हवी होती, आणि पत्राला टाचलेली नुसती झेरॉक्स होती. अण्णांनी खिसे पाहिले, पिशव्या पाहिल्या. शांताक्कांनी उठून फळीवरचे चटणीचे डबे बाजूला केले. पत्रक डब्यांखाली अंथरलेलं होतं. मथळ्यावर तेलाची दोन गोल वर्तुळं उमटली होती.

"कागद चांगला जाड हाय," त्या म्हणाल्या. "बाकी काय उपेग झाला न्हाई."

मग मी सांगितलं. मॅडमनी एक ओळ सांगितली होती, मी ती घातली होती, आणि छापताना मी ती काढली. अण्णांनी विचारलं, काय होती. मी तोंडपाठ म्हणून दाखवली. त्यांनी पत्रक हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, बोटानं खालची रिकामी कड मोजल्यासारखी केली.

"एकच ओळ हुती?"

"एकच."

"एक ओळ मावली न्हाई व्हय."

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. रागाला उत्तर देता येतं, माझं शिक्षणच त्यातलं. अण्णा नुसते म्हणाले, "तुमी मोजलं असंल म्हनून मी झाकलं." मग शांताक्कांकडं बघून कन्नडमध्ये काहीतरी बोलले. शांताक्का मला म्हणाल्या, "ते राहू दे. मिक्सर इकायचा का न्हाई तेवढं सांग."

मी म्हटलं, विकायचा. हिस्सा भरायचा. हरकत नोंदवून.

"मंग ते एप्रिलात सांगायचं की गं," शांताक्का म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "तवा भाव बी बरा येत हुता."

निवेदन मी परतीच्या गाडीत गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. चार वाक्यं. मी संघटनेच्या कार्यालयात काम करते. पत्रक मी लिहिलं. त्यातली हिस्सा भरण्याबाबतची ओळ मी छापताना काढली, संघटनेनं नाही. सोबतची प्रत मूळ आहे. इतकं छोटं आणि इतकं वाईट पत्रक मी त्याआधी लिहिलं नव्हतं. मथळाच नव्हता त्याला. मालकांना सांगून दिलं, चोरून नाही. ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग बोलले, कारण निविदांच्या अटींवर एक पत्रक काढायचं होतं आणि या पगारात दुसरं कुणी लिहिणार नव्हतं.

मिक्सर कुर्डुवाडीच्या एकानं नेला. हिस्सा भरला, अर्ज ऑनलाइन गेला, उशीर माफ झाला. अधिकाऱ्यानं माझं निवेदन वाचलं की नुसती पानं मोजली, ते कळायला मार्ग नाही. अपील दाखल झालं, खातं उघडलं. अण्णांची ठेकेदारी राहिली, अर्धी. मोठी कामं आता ते घेत नाहीत. गटारं, ओटे, दुरुस्त्या, मिक्सर रोजानं भाड्यानं. अपिलाचा निकाल अजून लागलेला नाही.

यातून काही गोड निष्कर्ष काढायला मी बसलेले नाही. ती दुरुस्ती आजही चूक आहे. माझी चूक झाली म्हणून सरकारची बरोबर होत नाही. या दोन चुका एकीत एक मिसळून कुणी मला सांगतं तेव्हा संताप येतो. झालेल्या कामावर मागच्या तारखेनं कर लावू नये, आणि भांडण ऐकून घ्यायच्या आधी भांडणाचे पैसे घेऊ नयेत, या दोन मागण्या मी अजून मागते. फक्त जोपर्यंत त्या मिळत नाहीत तोपर्यंत माणसानं काय करायचं, तेही त्याच कागदावर सांगावं लागतं. माझ्या जुन्या मित्रांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, तू मवाळ झालीस. एकदा या म्हटलं दुधनीला. शांताक्का सांगतील कोण मवाळ झालंय ते.

या मार्चला तेच पत्रक पुन्हा काढलं. मथळा एका मापानं लहान आहे. चाचांनी विचारलंसुद्धा, "तबियत ठीक है ना?" खालची ओळ ठळक आहे, आणि खाली नाही, मथळ्याच्या लगेच पाठोपाठ आहे.

गेल्या आठवड्यात अण्णा प्रती न्यायला आले. पायरीवर बूट आपटल्याचा आवाज आला तेव्हाच कळलं. त्यांनी नवं पत्रक उभ्यानं वाचलं, मग बसले आणि म्हणाले, "जुनं कुटं हाय?"

फाइल काढून दिली. जुनं पत्रक जागेवरच आहे. दुधनीहून परतले त्याच दिवशी मी ते परत लावलं होतं. मथळ्यातल्या भरू नका या दोन शब्दांवर निळ्या शाईची एक आडवी रेघ आहे, खालचं वाचता येईल अशी. वरच्या मोकळ्या जागेत ती ओळ हातानं लिहिलेली आहे, बारीक अक्षरात, आणि बसली आहे. शेजारी माझी सही, आणि तारीख दुधनीहून परतले त्या दिवसाची.

अण्णांनी चष्मा लावला. रेघ पाहिली, ओळ पाहिली, तारखेवर बोट ठेवून एकदा माझ्याकडं पाहिलं. मग टेबलावरचा माझा पेन उचलला, टोपण पेनाच्या मागं लावलं आणि माझ्या सहीच्या खाली, त्यांच्या त्या सरळ अक्षरात सावकाश लिहिलं: हरकत राखून मान्य. सही केली. तारीख घातली, त्या दिवसाची.

"चला," ते म्हणाले, "पन्नास द्या. दुधनीला वाटतो."